डाव्या बाजूचं जेवण

माझा धाकटा दीर कुवेतला एका लेबनानी माणसाच्या हॉटेलात बारा वर्षं स्वयंपाकी होता. मागच्या वर्षी तो परत आला तो एकच हट्ट घेऊन: आमच्या दारव्ह्यात लेबनानी खाणं विकायचं. जागा घरचीच, रस्त्याकडची खोली. पण ती सासूबाईंची, त्या तिथंच झोपत. ती मिळाली नाही तर तो पुन्हा कुवेतला जाणार होता, आणि हे त्यानं बायकोला स्पष्ट सांगून ठेवलं होतं. त्यामुळे माझी जाऊ आठवडाभर कुणाशी धड बोलत नव्हती.

सासूबाई म्हणाल्या, "पह्यले घरच्यायले खाऊ घाल. मंग पाहू."

रविवारी तो पहाटेच स्वयंपाकघरात शिरला. मला तीन जुड्या सांबार निवडायला बसवलं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. "तिकडं दुसरा पाला असते वहिनी, पण हे चालते," म्हणाला. सांबार, दलिया, टमाटे आणि लिंबू यांचं एक झालं. काबुली चणे शिजवून तिळाबरोबर गुळगुळीत वाटले, गंजभर म्हणजे मोठं पातेलंभर. वांगी भाजून त्यातही तीळच. टांगून ठेवलेल्या दह्याचा घट्ट गोळा, वरून तेल. मैद्याच्या फुगलेल्या रोट्या. एवढं करून तो अंघोळीला गेला आणि तिथंच चुकलं.

घरात काही विशेष असलं की सासूबाई स्वतः वाढतात. त्यांनी झाकणं उघडून पाहिली. चटणी, कोशिंबीर, भरीत, दही. मग काय, ताटात मिठाच्या शेजारी चण्याचं बोटभर, सांबाराचं चमचाभर, भरताचा टिपका. आम्ही नऊ माणसं पानावर बसलो. ताटांची उजवी बाजू कोरी.

दीर टॉवेल खांद्यावर टाकून दारात आला तेव्हा माझे यजमान विचारत होते, "भाजी येऊन राह्यली का?"

"हेच जेवण होय, दादा."

"हे?" सासूबाई म्हणाल्या. "हे तं डाव्या बाजूचं झालं. उजव्या बाजूचं काय रांधलं?"

यजमान हसले. जावेनं ताटाकडे पाहिलं आणि मान वर केलीच नाही.

दीर सांगू लागला की तिकडे असे दहा-पंधरा प्रकार एकदम मधोमध मांडतात, सगळे रोटी तोडून त्यातच बुडवतात, गप्पा मारत दोन-दोन तास बसतात. भात आणि मटण मागून येतं.

"दोन घंटे? मंग त्याईचे कामं कोन करते?" सासूबाई म्हणाल्या. "आन् सारे एकाच भांड्यात हात घालते? उष्टं?"

"राहू दे आई, वरणाचा कुकर लावतो," असं म्हणून दीर वळला.

मी उठले. मला समजावण्या जमत नाहीत, पण माझ्याकडे लग्नात आलेल्या स्टीलच्या वाट्या ढिगानं आहेत. ताटं उचलली. प्रत्येकापुढे चार वाट्या मांडल्या आणि गंजातून काठोकाठ भरल्या. "आता ज्याच्या त्याच्या वाटीत बुडवा."

"एवढी चटणी कोन खाते, वो?"

"चटणी नाही, आई. भाजी समजा."

त्यांनी रोटी तोडली. एक घास, मग दुसरा. भरतात मिरची टाकायची राहिली असा शेरा मारला, हिरवी मिरची मागवली आणि भरताबरोबर कचाकचा खाल्ली. मग दिराला म्हणाल्या, "तुह्या मालकाले माय होती का?"

होती. दीर सांगत गेला. ती म्हातारी रोज हॉटेलात यायची, स्वयंपाकघरात खुर्ची टाकून पाला निवडायची आणि सगळ्यांना शिव्या घालायची. नोकर उपाशी दिसला तर त्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही. सासूबाईंना तिच्या सुना किती, त्या ऐकतात का, तिचे गुडघे दुखतात का, सगळं हवं होतं. वाट्या दोनदा भरल्या. बसलो तेव्हा साडेबारा वाजले होते. तीन वाजता सासूबाई दह्याची वाटी पुसून खात होत्या. यजमान घड्याळाकडे पाहून काही बोलणार, तेवढ्यात मी त्यांना कोपरानं ढोसलं.

शेवटी वाटी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "दुकान टाकलं तं मी कुठी झोपू?"

दीर गडबडला. जाऊच बोलली, सकाळपासून पहिल्यांदा. "आमच्या खोलीत, आई. आम्ही बाहेर छपरीत झोपू."

"काहून? मले का झालं छपरीत झोपाले? तिथं हवा येते."

त्यांचं मन बदलायच्या आत मी आणि जावेनं हात धुतले आणि त्यांचा पलंग उचलला.