बस म्हणाले

टीव्हीत मी गात होते आणि टीव्हीतली माणसं हसत होती.

त्या संध्याकाळी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी आळी आली होती. एपिसोड संपला की वाटायला आईने बुंदी आणून ठेवली होती. मी अगदी टीव्हीसमोर बसलेली. पडद्यावरही मीच. दोन वेण्या, लाल रिबिनी, परकर-पोलकं. समोर परीक्षक बसलेले. मी डोळे मिटून धवला, आमचं लग्नातलं गाणं, गात होते आणि मागे कुणीतरी भोंग्यासारखं पों-पों संगीत लावलं होतं. बाकावरची मुलं पोट धरून हसत होती. एका मुलीने कानात बोटं घातली. मधला परीक्षक हात वर करून म्हणाला, "बस, बस! ही कलाशाळा आहे, मासळी बाजार नाही."

मग मालिकेची नायिका उठली. तिने तानपुरा घेतला, आलाप घेतला. सगळे शांत. एका परीक्षकाच्या डोळ्यात पाणी.

आमच्या घरातही कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. शेजारची काकू म्हणाली, "बरी दिसलीस गो." एकेक जण उठून गेला. बुंदी तशीच राहिली. माझे कान तापले होते आणि आपल्याच घरात कुठे बघावं ते मला कळत नव्हतं.

हे झालं कसं, ते सांगते.

मी हायवेलगत वडप्याला गोडाऊनमध्ये कामाला. खोक्यावर स्कॅनर मारायचा, खोकं पुढे ढकलायचं. शेजारचं गोडाऊन एका सिरियलवाल्यांनी भाड्याने घेतलं. बाहेर ट्रेलर उभे, आणि आत नाच-गाणं-नाटक शिकवायची शाळा. मोठे आरसे, रंगवलेले खांब, थर्माकोलची सरस्वती. वर्गात मागे बसायला पोरी हव्यात म्हणून त्यांचा माणूस आमच्याकडे आला. सुट्टीच्या दिवशी मी जायला लागले. मागच्या बाकावर बसायचं, मान हलवायची. मला आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं. बी.कॉम. होऊन खोकी ढकलत होते, तिथे निदान शाळेत बसल्यासारखं वाटायचं.

एकदा चहाच्या वेळी मी गुणगुणत होते. तिथल्या क्रिएटिव्ह मॅडमनी ऐकलं. सिरियलची गोष्ट त्या बघायच्या. म्हणाल्या, "हे काय गं?"

"धवला, मॅडम. आमच्या लग्नात गातात. माझी आई धवलारीण आहे."

धवलारीण म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतो, पण धवलारीण पाटावर बसून धवला उचलत नाही तोवर हळद लागत नाही. नारळ देऊन बोलावतात तिला. मॅडमचे डोळे मोठे झाले. म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात प्रवेश परीक्षेचा एपिसोड आहे. गावाकडची मुलगी येते, गाते, सगळे थक्क होतात. तू करशील?"

मला तर आकाश ठेंगणं झालं.

आई खूश झाली. तिने एकच अट घातली. "एकदा उचललेला धवला मदी टाकायचा न्हाय. पुरा करायचा. मोडलेला धवला अपशकुनी." मग भाकऱ्या थापता थापता तिने तो माझ्याकडून घोटून घेतला. एक हेल चुकला की पिठाच्या हाताने टपली मारायची.

शूटिंगला मी जीन्स-कुर्ती घालून गेले. मेकअपवाल्याने केसांना तेल चोपडलं, दोन वेण्या घातल्या. मी म्हटलं, "दादा, आमच्या गावात असं कुणी राहत नाही." तो म्हणाला, "टीव्हीतल्या गावात राहतात." मी पण हसले. मग मॅडमना विचारलं, "मी कॉलेजात बोलते तसं बोलू ना? ळ, ण सगळं नीट येतं मला." त्या म्हणाल्या, "नको नको! घरी बोलतेस तसंच बोल. किती गोड भाषा आहे तुमची."

म्हणून मी म्हणाले, "मना या शालेत शिकायचं हाय."

मग धवला गायले. पुरा, शेवटच्या ओळीपर्यंत. कुणी हललं नाही. लाईटवाल्या भय्याने टाळ्या वाजवल्या. मी मॅडमच्या पाया पडले. हो, पाया पडले. आज आठवलं की माझी मलाच किळस येते.

नंतर मला बाहेर पाठवलं. "तुझं झालं, चहा घे." ट्रेलरच्या सावलीत वडापाव खात होते, तेव्हा आतून हसण्याचा आवाज आला. थांबला. परत आला. कुणीतरी ओरडलं, "अजून जोरात! पोट धरून!" मला वाटलं, दुसरा कुठला सीन असेल. माझंच हसं करून ठेवत होते आतमध्ये, आणि मी बाहेर मिरची चावत होते.

एपिसोडनंतर तेवढाच तुकडा मोबाईलवर फिरला. गोडाऊनचा सुपरवायझर म्हणायचा, "ए मच्छी बाजार, जल्दी स्कॅन कर." मी हसायचे. काय करणार, नोकरी होती. पण मासळी बाजाराला नावं ठेवतात म्हणजे काय? माझी आजी बसायची बाजारात. शिळी मासळी ताजी म्हणून तिने कधी विकली नाही. यांनी माझा धवला काय म्हणून विकला?

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलं असतं. पण गावात लग्न आलं. नारळ आईला आला. हळदीच्या संध्याकाळी आई पाटावर बसली, मी मागे झील धरायला. आईने उचलला. "उंबरू तोरला गो, मांडवा आयला गो..."

खुर्च्यांवर पोरं बसली होती. परकी नाहीत, आमच्याच भावकीतली. त्यातला एक ओरडला, "बस, बस!" दुसरा म्हणाला, "मासळी बाजार नाही!" हशा पिकला. करवली हसली. नवरी पण तोंडावर हात ठेवून हसली.

आई थांबली.

मधेच थांबली. मी झील ओढत राहिले, पण पुढे ओळच आली नाही. नवरीच्या बापाने डीजेवाल्याला खूण केली. आईने पदर सावरला, चप्पल शोधली आणि निघाली. घरी आल्यावर चुलीकडे तोंड करून म्हणाली, "पोरी, खरं सांग. माझा आवाज खराब हाय का गो? आजवर कुनी सांगितलंच न्हाय मना."

गावातल्या किती जणांना हिच्या आवाजावर हळद लागली, त्यांची पोरं आज तिला बस म्हणाली. आणि हिला वाटत होतं, चूक आपल्या गळ्यात आहे. लाज तिला वाटत होती. लाज मला वाटत होती. ज्यांनी हसं केलं त्यांच्यातल्या एकालाही वाटत नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. च्यायला, ही लाज आमची न्हायच. दुसऱ्याचं ओझं आम्ही मायलेकी कशाला वाहतोय?

मग मॅडमचा फोन आला. "अगं, पब्लिकला जाम आवडलीस! ये लगेच."

गेले. मला त्यांचं तोंड बघायचं होतं. मेकअपवाल्याने परकर-पोलकं काढून ठेवलेलंच होतं. मी ते हातात घेऊन उभी राहिले. मॅडम भराभर सांगत होत्या. "तुझा आता पूर्ण ट्रॅक करतोय. आईलाही आण. मायलेकी दोघी शाळेत येतात. गायला लागल्या की सर म्हणतात, बस, बस! दर एपिसोडला एकदा. धमाल येईल."

मी म्हटलं, "न्हाय."

कॉलेजपासून मी बाहेर 'नाही' म्हणायला शिकले होते. त्या दिवशी ते आलंच न्हाय.

मॅडम खळखळून हसल्या. "कित्ती क्यूट! अगं हेच, अस्संच कॅमेऱ्यासमोर म्हण."

"न्हाय."

"म्हणजे? नाही म्हणतेयस? करणार नाहीस?"

"न्हाय म्हंजे न्हाय. मी धवला पुरा गायले होते. तुमच्याकडं हाय तो. दाखवा पुरा."

"अगं, तेवढा वेळ कुठे असतो? आणि तुझाच चेहरा दिसला ना घराघरात? उलट आभार मानायला हवेस."

सेटवर सगळे थांबून बघत होते. टाळ्या वाजवणारा तो लाईटवाला भय्या पण बघत होता. मी परकर-पोलकं थर्माकोलच्या सरस्वतीच्या पायाशी ठेवलं. म्हटलं, "टीव्हीतल्या गावात असं राहतात. तिकडनंच आना कोनीतरी." आणि हायवेला आले.

वाटलं होतं, छाती फुगेल. फुगली न्हाय. रिक्षात बसल्यावर रडू आलं. त्यांनी दुसरी पोर आणली. आजही तिला दर एपिसोडला बस म्हणतात, आणि आमच्या आळीत लोक ते बघतात.

आई त्या हळदीनंतर गायली न्हाय. मी म्हटलं, राहिलेले धवले मला शिकव. म्हणाली, "न्हाय शिकवनार. तुला पन हसतील." गेल्या आठवड्यात माझ्या चुलतभावाच्या लग्नाचा नारळ घेऊन चुलती आली. आईने हात मागे घेतले. नारळ तसाच चुलतीच्या हातात. ती म्हणाली, "मंग डीजेच लावतो."

मी पुढे झाले आणि नारळ घेतला.

मला सगळे धवले येत न्हायत. येतात तेवढे गाईन. माझा आवाज आईसारखा न्हाय, तिच्या पासंगाला पुरणार न्हाय. पोरं खुर्च्यांवर असतीलच. मोबाईल धरतील, हसतील. बस म्हणतील.

बसणारच आहे मी. मांडवात, आईच्या पाटावर, मांडी घालून. धवला पुरा झाल्याशिवाय उठणार न्हाय.