आवाज बंद करून दिलेले पन्नास

गेल्या गुरुवारी तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसात केल्विनने माझी यादी उघडली आणि मान हलवत हसायलाच लागला. केल्विन म्हणजे माझा बॉस. "मेधा, यू सो काइंड लाह," म्हणाला. (इथे वाक्याच्या शेपटाला 'लाह' लावतातच.) "तुझी सगळी पोरं सुपरस्टार?"

मला काही हसू आलं नाही…

थोडं सांगते. अमेरिकेतल्या एका बेसबॉल क्लबसाठी आम्ही काम करतो. तिकडे ते झोपलेले असतात तेव्हा आम्ही इथे भरदिवसा त्यांनी पाठवलेले व्हिडिओ बघतो. दरवर्षी तिथले क्लब पाळीपाळीने शाळा-कॉलेजातली नवी मुलं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. शाळेची मुलं माझ्याकडे, कॉलेजची वेई लिंगकडे. प्रत्येकाला वीस ते ऐंशीमधला एक आकडा द्यायचा… हा पुढे जाऊन कितपत खेळेल, याचा अंदाज.

आता गंमत अशी, की त्या मोजपट्टीवर पन्नास म्हणजे मोठ्या लीगमधला पक्का खेळाडू. बहुतेक पोरांना चाळीसच्या आसपासच मिळतात आणि त्यात कमीपणा काही नाही. पण मी पडले पुण्याची! नववीत गणितात बावन्न मिळाले तेव्हा बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. सतरा वर्षांच्या कुणाच्या तरी लेकराला चाळीस द्यायला माझा हातच धजेना. मी आपली पंचावन्न, साठ देत सुटले होते.

वेई लिंगने मात्र चोख आकडे दिले होते. दोन्ही याद्या एकत्र केल्यावर माझी शाळकरी मुलं तिच्या कॉलेजच्या मुलांच्या डोक्यावर जाऊन बसली. तिच्या मुलांपैकी कितीतरी जण बावीस वर्षांचे, त्यांची ही शेवटची संधी. माझ्या चांगुलपणापायी ती मुलं मागे पडणार होती…

"उद्या पाचला यादी जाणार. सगळे परत बघ," केल्विन म्हणाला. मग यादी माझ्याकडे सरकवत, "तुझ्या आकड्यावर मला विसंबता आलं पाहिजे, मेधा."

माझं प्रोबेशन महिनाअखेरीस संपणार होतं. नऊ वर्षं घरी राहून, चाळिशी उलटल्यावर मिळालेली नोकरी. यिशुनच्या घरापर्यंत एमआरटी ट्रेनच्या काचेत मी स्वतःचाच पडलेला चेहरा बघत आले.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. चाळीस लिहायचे, खोडायचे, परत पंचावन्न करायचे… एका मुलापाशी तर फारच अडले. चौदा नंबरच्या शर्टातला एक किडकिडीत बॅटर. त्याला मी साठ दिले होते.

माझी लेक इरा शेजारी बसून नूडल्स खात होती. "आई, हू इज धिस आँटी? सो नॉइझी!"

"त्याची आई आहे गं. तीच व्हिडिओ काढते."

"यू लाइक हर, इझ इट?"

मी बघतच राहिले तिच्याकडे. खरंच की! शाळेच्या मुलांचे व्हिडिओ बहुतेक आयाच काढतात, जाळीमागे उभ्या राहून. मधेच फोन हलतो, मधेच त्या ओरडतात… "गुड आय, बेबी!" म्हणजे, चेंडू छान पारखलास रे. तीन महिने हे आवाज माझ्या कानात होते. कॉलेजच्या मुलांचे व्हिडिओ मैदानावरच्या कॅमेऱ्यांचे, त्यात कुणाची आई नसते. म्हणजे मी इतके दिवस मार्क देत होते, ते आयांना!

लॅपटॉपचा आवाज बंद केला.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात जाऊन सगळी मुलं पुन्हा बघितली, आवाजाशिवाय. हात अडला नाही. चाळीस, पंचेचाळीस, पस्तीस… वाईट वाटलं, पण हात अडला नाही. चौदा नंबरला मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

आवाज नसताना तो वेगळाच दिसला. मोह पाडणारा, बाहेर जाणारा चेंडू तो शेवटच्या क्षणी सोडून द्यायचा. बॅट अर्ध्यात थांबायची, मान जराही हलायची नाही. हे इतक्या लहान वयात फार कुणाला जमत नाही.

मी पन्नास लिहिले. मग स्वतःचाच संशय आला, परत लाड तर नाही ना करत? पंचेचाळीस केले. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. नाही… पन्नासच.

केल्विनचं बोट नेमकं त्याच ओळीवर थांबलं. "हा पन्नास? शुअर?"

"शुअर."

माझा आकडा न सांगता त्याने ते व्हिडिओ वेई लिंगला दिले. ती अर्धा तास बघत होती, तेवढ्या वेळात मी पॅन्ट्रीत जाऊन एकच कप तीनदा धुतला.

"फिफ्टी लाह," वेई लिंग स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "व्हाय? मेधाने किती दिले?"

"सेम," केल्विन म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. या वेळी मलाही हसू आलं.

पाचला यादी गेली. निघताना केल्विन सहज बोलल्यासारखं म्हणाला, "सोमवारी एचआरकडे जा हं, कन्फर्मेशनच्या पत्रावर सही करायचीय." मी "हो हो" म्हणत फोनमध्ये सोमवारची आठवण लावली, तीही दोनदा…

सगळे गेल्यावर मी हेडफोन लावले आणि चौदा नंबरचा एक व्हिडिओ आवाजासकट लावला. त्यात तो चक्क आउट होतो. खाली मान घालून परत येतो, आणि जाळीमागून तिचा आवाज, "दॅट्स ओके, बेबी. नेक्स्ट वन."

त्याला कुणी निवडेल की नाही, मला ठाऊक नाही. इतक्या लांब बसून एक बाई दिवसभर त्या माउलीचा आवाज बंद करून बसली होती, हे तिला कधी कळायचंही नाही. मी तो व्हिडिओ पुन्हा एकदा लावला. मार्क देऊन झाले होते, आता ऐकायला हरकत नव्हती…