हातानं उचललेला फ्लोट

बाळारामदादा दुरुस्त केलेला पंप गिऱ्हाइकाच्या हातात लगेच देत नसे. आधी पंप पिंपात सोडायचा आणि डब्यानं पाणी ओतत बसायचा. पाणी चढलं की वायरीला बांधलेला फ्लोट, म्हणजे प्लास्टिकचा पोकळ डबा, तरंगत वर कलंडे, आतली गोळी घरंगळून बटण दाबे आणि मोटर सुरू होई. पाणी उतरलं की बंद. हे तीनदा झाल्याशिवाय पंप कोन गावातल्या त्याच्या दुकानाबाहेर पडत नसे. राहनाळ गावातलं माझं गोदाम मी घासाघीस करून उभं केलंय. ते डबे मोजत बसायचं म्हणजे माझं डोकं फिरायचं.

"शेठ, माझ्याशी घासाघीस कर," तो म्हणायचा. "पान्याला घाई सांगू नको."

त्या पावसाळ्यात माझ्या तळघरात परक्याचे कापडाचे तागे होते आणि तिथे शिरणारं पाणी उपसणारा पंप जळाला. मी भंगारातून एक वापरलेला उचलला. दादानं सील बदललं, पंख्यात गुंतलेलं सूत काढलं आणि पिंप भरायला घेतलं. मी पुढे होऊन फ्लोट हातानं उचलला. मोटर घरघरली.

"चालतोय. दे."

"हा तू चालवलास. पान्यानं अजून चालवला न्हाय."

"टेम्पो उभा आहे, दादा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पंप दिला.

फ्लोटला बारीक चीर होती. तळघरात पाणी चढलं तसं ते फ्लोटच्या आत शिरलं, तो तरंगलाच नाही, मोटर सुरू झाली नाही. तागे भिजले.

मालाच्या मालकाला आणि आसपासच्या सगळ्या गोदामांत मी सांगितलं, बाळारामनं बाद पंप दिला. मग भांडायला कोनला गेलो. त्यानं फ्लोट कानाशी हलवला, आतलं पाणी ऐकलं.

"चूक माझी. मी सोडायला नको होता."

एवढंच. लोकांनी विचारलं तर म्हणायचा, "पंप माझ्याच दुकानातून गेला." राहनाळची कामं तुटली. दुकान बंद करून तो दिघाशीला, आपल्या गावी गेला आणि यंदा तिथेच वारला.

माझा राग अजून गेलेला नाही. त्यानं एकदा जरी माझं नाव घेतलं असतं, तर मी चारचौघांत त्याच्याशी कडाडून भांडलो असतो, आणि त्या भांडणात खरं काय ते माझ्या तोंडून निघालं असतं. त्यानं भांडणच दिलं नाही.

म्हणून आता मलाच सांगावं लागतंय. दादा पिंप भरत होता. फ्लोट मी उचलला.