भेगेवरची काच

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा पीत होतो. "बरं," म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेला चहा पिऊन टाकला. पाच आठवडे झाले, अजून डोळ्यांत पाणी नाही. काहीतरी व्हायला हवं होतं, ते होत नाही…

आम्ही दोघंही कोल्हापुरातले इंजिनिअर. जुन्या इमारती धोकादायक ठरवणं हे माझं काम, त्या वाचवता येतील का हे तपासणं कोडोलीच्या विलासचं. भिंतीतला चुना चिमटीत चुरून बघायचा, हातोडीनं दगड वाजवून कान लावायचा. भेग दिसली की तिच्यावर आडवी, पातळ काचपट्टी चिकटवायचा आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहायचा. भेग वाढत असेल तर काच तडकते. नाही तडकली तर भेग जुनी, भिंतीला धोका नाही. घाई करणाऱ्यांना त्याचं एकच उत्तर असे, "एक पावसाळा जाऊ दे की." मुलीचं लग्न असो नाहीतर नवी गाडी, तेच. आम्ही त्यावरून त्याची भरपूर चेष्टा करायचो.

पेठ वडगावच्या जुन्या वाचनालयाचा मात्र मी घात करणार होतो. पावसाळा संपल्यावर पाहणीला एकटाच गेलो, तर तिथल्या भेगेवर विलासनं लावलेली काच तडकलेली. इमारत पाडावी, असा अहवाल लिहून मी सहीही ठोकली. विलासनं तो वाचला, मला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि तिथं नेलं. भिंतीकडं न बघता तो आधी झाडलोट करणाऱ्या मावशींकडं गेला. पाणी मागितलं, घरच्यांची चौकशी केली, मग हळूच काचेचं विचारलं.

"दसऱ्याची जळमटं काढताना काठी लागली की वो सायेब," मावशी म्हणाल्या. "भ्या वाटलं, म्हणून सांगितलं न्हाय."

मी अहवाल फाडला. नवी काच पुढचा सगळा पावसाळा टिकली, वाचनालय आजही उघडं आहे. परतताना विलास एवढंच म्हणाला, "भिंतीला इचारायच्या आधी माणसाला इचारत जा." माझ्या चुकीचा विषय त्यानं पुन्हा कधी काढला नाही.

या उन्हाळ्यात त्याच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरकडं चल म्हटलं तर, "एक पावसाळा जाऊ दे की." मी हसलो आणि सोडून दिलं. पुन्हा विचारलंच नाही. त्याचा राग येतो, माझा त्याहून जास्त.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. त्याच्या टेबलामागच्या भिंतीतही एक भेग आहे, तिच्यावर काच. दर एक तारखेला तो बघायचा आणि शेजारी तारीख घालून लिहायचा, 'शाबूत'. खालपर्यंत त्याच अक्षरातली रांग.

सुनंदावहिनींनी माझ्या हातात पेन्सिल दिली. "भावजी, एक तारीख होऊन गेली. लिहायचं राहिलंय."

मी काचेवरून बोट फिरवलं. तारीख लिहिली. पुढचा शब्द काही उमटेना.

"काय हाय?" वहिनींनी विचारलं.

"शाबूत आहे," म्हणालो, आणि त्याच्या खुर्चीत मटकन बसलो.