बूट काढून आत यावे

गेल्या जुलैत एका शनिवारी दुपारी ॲरिझोनात, चँडलरमधल्या मराठी मंडळाच्या हॉलबाहेर, पार्किंग लॉटमध्ये, रे नावाचा साठीतला बेघर माणूस ऊन लागून कोसळला. हॉलमध्ये एसी चालू होता. आत पाणी होतं, जेवण होतं, मांडलेल्या खुर्च्या होत्या. बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या.

ॲम्ब्युलन्स आली. तो वाचल्याचं संध्याकाळी कळलं.

मी स्वयंसेवी संस्थांची भागीदारी जुळवून देण्याचं काम करते. एका संस्थेकडे जागा असते, दुसरीकडे अनुभव. दोघांना एका टेबलाशी बसवायचं आणि कोण काय करणार ते लिहून घ्यायचं. त्या कागदाला एमओयू म्हणतात. ॲरिझोनात उन्हाळ्यात ‘हीट रिलीफ सेंटर’ उघडतात, म्हणजे ज्यांना घर नाही त्यांना दिवसा बसायला थंड जागा. मंडळाने शनिवार-रविवार हॉल द्यायचं कबूल केलं होतं. माणसांना तिथवर आणायचं काम लिंडाच्या संस्थेचं होतं. रस्त्यावर राहणाऱ्यांमध्ये ती कित्येक वर्षं काम करते.

किल्ल्या, इन्शुरन्स, बाथरूमची सफाई, सगळं एमओयूमध्ये होतं. बुटांबद्दल एक ओळही नव्हती. मंडळाच्या दृष्टीने, देव असलेल्या हॉलमध्ये बूट काढायचे हे काय लिहायचं? आणि लिंडाच्या लोकांना आजवर कुठल्या सेंटरने बूट काढायला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सेंटर बंद ठेवून दोन्ही संस्थांची माणसं आणि मी हॉलमध्येच बोलायला बसलो.

“रे दारापर्यंत आला होता,” लिंडा म्हणाली. “तुमच्या व्हॉलंटियरने बुटांचा रॅक दाखवला. तो मागे फिरला आणि गाड्यांच्या सावलीत जाऊन बसला.”

मंडळाचा अध्यक्ष निखिल मूळचा नागपूरचा, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. तो म्हणाला, “आम्ही सगळ्यांनाच सांगतो. दिवाळीला माझा बॉस आला होता, त्यालाही सांगितलं.”

“तुझ्या बॉसचे बूट गेले तर तो दुसरे घेईल. रेचे गेले तर त्याला चालता येणार नाही. इथल्या डांबरावर दुपारी पाय भाजतात. तो झोपतोही बूट घालून.” मग तिने सांगून टाकलं, “हे असंच राहणार असेल तर मी पुढच्या शनिवारी माणसं आणणार नाही.”

त्या भागात वीकएंडला दुसरं सेंटर उघडं नव्हतं. ही माणसं उन्हातच राहिली असती.

निखिलने तोडगा सुचवला. फॅबमध्ये, म्हणजे चिप बनते त्या विभागात, तो रोज बुटांवरून कव्हर घालतो. तशी कव्हर्स आणू.

“त्यांच्यातले निम्मे वाकू शकत नाहीत,” लिंडा म्हणाली. “उरलेले या फरशीवर घसरतील.”

हॉलची आणि देव्हाऱ्याची व्यवस्था विद्याकाकू बघतात. त्यांनी मराठीत विचारलं,

“निखिल, देव स्टेजवर का आहेत?”

“पहिल्यापासून तिथेच आहेत, काकू.”

“मग उचला. मराठी शाळेच्या खोलीत न्या. तिथेही एसी आहे, देवांना काही उकडणार नाही. रॅक त्या दाराशी ठेवा.”

“काकू, असं कसं? कमिटीचं वोटिंग घ्यावं लागेल.”

“घे ना. वोटिंग होईपर्यंत तू बाहेर पार्किंगमध्ये बस.”

निखिल हसला नाही. “आणि फरशी? सगळी माती आत येईल.”

“सोमवारी पुसायची. माझे गुडघे दुखतात, मी येणार नाही. तू ये.”

लिंडाला मराठी कळत नव्हती. काकू काय म्हणाल्या ते मी तिला सांगितलं. तिने काकूंनाच विचारलं, तुमचे लोक चिडणार नाहीत का?

“सम विल,” काकू इंग्रजीत म्हणाल्या. “दे वेअर अँग्री अबाउट द पार्किंग ऑल्सो.”

कमिटीने ठराव मंजूर केला. दोघांनी विरोधात मत दिलं. एका कुटुंबाने मेंबरशिप सोडली; निखिल त्यांच्या घरी जाऊन आला, पण ते परतले नाहीत. शुक्रवारी देव्हारा हलवला. एमओयूमध्ये मी पादत्राणांचं कलम घातलं. आता कोणत्याही एमओयूवर सही होण्याआधी मी दोन्ही संस्थांच्या माणसांना पार्किंगपासून खुर्चीपर्यंत एकत्र चालत नेते. वाटेत कोण कुठे थांबतं ते बघते.

देव हलवले त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, लिंडाची व्हॅन आली. माणसं बूट घालून आत गेली आणि बसली.

हॉस्पिटलमधून सुटल्यावर रे एका रविवारी आला. सेंटर बंद होईपर्यंत तो खुर्चीत झोपला होता. निघताना त्याने निखिलला विचारलं, शनिवारी किती वाजता उघडता? निखिलने सांगितलं, दहाला.