लाखेच्या तबकडीची पहिली बाजू

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत त्याला सगळे कानसेन म्हणत. इमारतीच्या माथ्यावरच्या मोटरीच्या खोलीत शिरलं की इतर मिस्त्री आधी पाना काढायचे. हा आधी डोळे मिटून ऐकायचा. बेअरिंग कोरडं पडलंय, की दोर चाकावरून सरकतोय, की नुसताच ब्रेक कुरकुरतोय, हे त्याला हात न लावता कळायचं. लोक कौतुकाने कानसेन म्हणायचे आणि त्या कौतुकापायी नको ती सगळी कामं त्याच्या गळ्यात मारायचे. एकतीस वर्षं हेच चाललं होतं. सत्तावन्नाव्या वर्षी कान शाबूत होते, गुडघे मात्र कामातून गेले होते.

जाझचं वेडही त्याला लिफ्टनेच लावलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका हॉटेलची सामानाची लिफ्ट बंद पडली होती. तो खाली खड्ड्यात तेलाच्या चिखलात बसलेला, आणि भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये बँडची दुपारची तालीम चाललेली. चाल एकच, पण दर वेळी ट्रम्पेटवाला ती वेगळ्या वाटेने घरी आणायचा. एकदा वाजवलेली वाट पुन्हा म्हणून धरायची नाही, हे ऐकून त्याला कुणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवल्यासारखं वाटलं. अर्ध्या दिवसाचं काम त्याने तीन दिवस पुरवलं. साहेबांनी विचारलं तर म्हणाला, "दोष सापडतोय हो, पण पुन्हा पळतोय."

तेव्हापासून तो जुन्या रेकॉर्डी जमवत आला. भंगारवाल्यांकडे, घरं रिकामी करणाऱ्यांकडे, बंद पडलेल्या क्लबांच्या माळ्यांवर. प्लास्टिकच्या मोठ्या रेकॉर्डी चारशेच्या वर, आणि त्याहून जुन्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या अडतीस. दोन खोल्यांच्या घरात त्या कपाटात होत्या, पलंगाखाली होत्या, शिलाई मशीनच्या पायांत होत्या. बायको त्यांना तवे म्हणायची.

"तुमच्या तव्यांवर एक दिवस मी खरंच काहीतरी भाजणार आहे," ती म्हणायची.

"भाज. पण आधी धूळ पूस," तो म्हणायचा. हा विनोद इतक्या वर्षांत इतका झिजला होता की त्यावर आता दोघांपैकी कुणी हसत नसे. पण कुणी तो सोडतही नसे.

दोन महिन्यांतून एकदा, रविवारी दुपारी चारला, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जाझचा कार्यक्रम होई. तो भरवायचे एक निवृत्त दातांचे डॉक्टर. पियानोही तेच वाजवत. ऐकायला वीस-बावीस माणसं, निम्मी पांढऱ्या केसांची आणि निम्मी बिनकेसांची. वर्षातून एकदा तिथे मास्तर यायचे. वय चौऱ्याऐंशी. तरुणपणी हॉटेलांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेला, मग हॉटेलांनी बँड काढून टाकल्यावर शाळेच्या बँडचा मास्तर झालेला हा माणूस. आता दम टिकत नव्हता. तीन गाणी वाजवून ते खुर्चीवर बसत आणि उरलेला कार्यक्रम पायाने ताल धरून ऐकत.

गेल्या वर्षी कार्यक्रमानंतर बोलता बोलता मास्तर म्हणाले होते, "आमचीही एक रेकॉर्ड निघाली होती हो. मी बावीस वर्षांचा होतो. एक प्रत बँडच्या मालकाने नेली, एक हॉटेलात होती ती फुटली. मला काही मिळाली नाही. मी स्वतः ती कधी ऐकलीच नाही." आणि त्यांनी बँडचं नाव सांगितलं.

ती तबकडी कानसेनच्या कपाटात होती. एकोणीस वर्षांपूर्वी जुन्या रेडिओंच्या ढिगातून उचललेली, लेबल अर्धं फाटलेलं, म्हणून त्यावरचं ट्रम्पेटवाल्याचं नाव गेलेलं. पहिल्या बाजूला एक संथ चाल होती आणि तिच्या मधोमध चाळीस सेकंदांचा एकट्या ट्रम्पेटचा तुकडा. अडतीस तबकड्यांमधली त्याची सगळ्यात लाडकी. हे वाजवणारा माणूस समोर बसून चहात बिस्किट बुडवतोय, हे त्याच्या पचनीच पडेना.

"माझ्याकडे आहे," तो म्हणाला.

मास्तरांचं बिस्किट चहात पडलं. "माझ्याकडे प्लेअर नाही. पुढच्या वर्षी इथेच घेऊन या," ते म्हणाले. "मी राहतो तोवर."

राहतो म्हणजे काय, ते दोघांनाही कळलं.

ते पुढचं वर्ष आता आलं होतं आणि कार्यक्रम उद्यावर होता. शनिवारी एका अकरा मजली इमारतीत लिफ्टचा दोर बदलायचा होता, आणि ऐन वेळी दोन माणसं रजेवर गेली. सकाळी सातपासून तो मोटरीच्या खोलीत आणि खड्ड्यात, वर-खाली, आणि लिफ्ट बंद म्हणजे पायऱ्यांवरूनच वर-खाली. संध्याकाळी घरी आला तेव्हा बूट काढायलाही त्याला दोनदा वाकावं लागलं.

तरी त्याने रेकॉर्डी काढल्या. डॉक्टरांनी मध्यंतरात वाजवायला सहा प्लास्टिकच्या रेकॉर्डी मागितल्या होत्या. त्या स्वच्छ करायची त्याची ठरलेली पद्धत होती: पाण्यात थोडं स्पिरिट आणि साबणाचे दोन थेंब, ते मऊ कापडाने सगळीकडे पसरायचं, दोन मिनिटं मुरू द्यायचं, मग पुसायचं. एक, दोन, तीन. सहावी झाली. हाताने सातवी घेतली, तिच्यावर पाणी पसरलं, आणि दोन मिनिटं म्हणून तो खुर्चीला टेकला.

जाग आली तेव्हा बायको दिवा लावत होती. "अहो, मान अवघडेल. काय हे, कापड चिकटलंय इथे."

सातवी ही लाखेची तबकडी होती, मास्तरांसाठी शेजारी काढून ठेवलेली.

लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिश करतात ते चपडी, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवून. रेकॉर्डी जमवणाऱ्याला पहिल्या आठवड्यात जर काही शिकवत असतील तर ते हेच, आणि गेली तीस वर्षं नवख्या माणसांना ते दटावून सांगणारा तोच होता. त्याने कापड हलक्या हाताने ओढलं. ते काळं निघालं. चकचकीत रेघांच्या जागी राखेच्या रंगाचा एक चट्टा, त्यात कापडाचे तंतू रुतलेले. सुई लावून पाहिली. सुरुवातीचे दोन-चार सूर कसेबसे आले, मग लोखंडी पत्र्यावरून पोतं ओढल्यासारखी खरखर, शेवटपर्यंत.

दुसरी बाजू ठणठणीत होती. पण दुसऱ्या बाजूला क्लॅरिनेट होता. ट्रम्पेट मागे कुठेतरी, इतरांत मिसळलेला.

"मी म्हणत होते ना," बायको म्हणाली, "मोबाइलवर उतरवून ठेवा."

"मोबाइलवर काय ऐकायचंय ते."

"हो, आता हे ऐका."

थोड्या वेळाने तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "सापडली नाही म्हणून सांगितलं तर?"

हे त्याच्याही मनात येऊन गेलं होतं. सापडली नाही म्हटलं की म्हातारा म्हणेल, शोधा, पुढच्या वर्षी आणा. पुढच्या वर्षाचा भरवसा नाही. म्हणजे फार तर एक वर्ष खोटं बोलायचं, मग प्रश्न आपोआप मिटेल. हा हिशेब आपण किती सहज केला, याची त्याला इतकी लाज वाटली की त्याच्याच्याने जेववेना.

"मग जाऊच नका," बायको म्हणाली. "आजारी आहे म्हणून कळवते मी. आणि तोंड बघा तुमचं, खोटंही ठरणार नाही."

"जायला पाहिजे," तो म्हणाला.

रविवारी तीन वाजताच तो वाचनालयाच्या पायऱ्या चढला. वरच्या हॉलमागे एक लहानशी खोली होती, मोडक्या खुर्च्या आणि जुनी वर्तमानपत्रं ठेवायची. मास्तर तिथे आधीच येऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत, मांडीवर ट्रम्पेट. पुढ्यातल्या टेबलावरचे गठ्ठे त्यांनी स्वतः हलवून मोकळी जागा केली होती.

"या, लिफ्टवाले. प्लेअर इथे ठेवा. काल झोप लागली नाही मला. या वयात, म्हणजे बघा."

त्याने प्लेअरची पेटी ठेवली, पण उघडली नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. दोर, अकरा मजले, सहा रेकॉर्डी, सातवी, खुर्ची. मधे कुठे दम घेतला नाही, कारण घेतला असता तर पुढचं बोलता आलं नसतं.

मास्तरांनी हात पुढे केला. त्याने तबकडी दिली. त्यांनी चट्ट्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं.

"वाजवा."

"मास्तर, काही नाही राहिलं त्यात."

"वाजवा म्हणतो ना."

सुई खाली आली. दोन-चार सूर, मग खरखर. मास्तर मान कलती करून ऐकत राहिले. तीन मिनिटं ती खरखर दोघांनी शेवटपर्यंत ऐकली. सुई मधल्या कड्यावर जाऊन टकटक करू लागली तेव्हा त्याने ती उचलली.

"मला वाटलं, ऐकताना आठवेल," मास्तर म्हणाले. "पण नाही आठवत. काय वाजवलं होतं देव जाणे. लिहून थोडंच वाजवतात? त्या दिवशी आलं ते वाजवलं आणि घरी गेलो." त्यांनी ट्रम्पेट फडक्याने पुसायला घेतला. पुसायचं काही नव्हतं. "तुम्ही किती वेळा ऐकली असेल?"

"मोजलं नाही. एकोणीस वर्षं. शे-पाचशे वेळा."

"मग तुम्ही म्हणा."

"मी?"

"मग कोण? दुसऱ्या कुणी ऐकलीय?"

कानसेनच्या गळ्यात सूर नव्हता. हे त्याला इतर कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं, कारण कान चांगला होता. पण समोर चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस दाढी करून बसला होता. त्याने घसा खाकरला, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याकडे नजर लावली आणि सुरू केलं. पं-पं करत, फाटक्या आवाजात, वर पोचलं नाही तिथे हाताने दाखवत. मास्तरांनी डोळे मिटले.

"पुढे."

"इथे तुम्ही थांबता. श्वास ऐकू येतो तुमचा. मग चार सूर भराभर खाली, आणि शेवटचा..." त्याने तो म्हणून दाखवला. जमला नाही, पुन्हा म्हटला. "मजल्याला लागत नाही. लिफ्ट बोटभर वर अडकते ना, तसा. तिथेच सोडून देता."

मास्तरांनी डोळे उघडले. "शक्य नाही."

"तसंच आहे."

"अहो, तिथे खाली यायलाच हवं. आम्हाला छड्या मारून शिकवलंय. मी असलं वाजवणारच नाही."

"वाजवलंय."

"तुम्ही चुकताय."

"मास्तर, माझा गळा भिकार आहे, ते कबूल. रेकॉर्डचं वाटोळं मी केलं, तेही कबूल. पण कान चुकत नाही माझा. तुम्ही खाली आला नव्हता."

मास्तरांनी ट्रम्पेट मांडीवर आडवा ठेवला. "गाढव होतो," ते शेवटी म्हणाले. "बावीस वर्षांचं गाढव." मग स्वतःशी, "सोडून दिला? तसाच?"

दारातून डॉक्टर डोकावले. "मास्तर, लोक आलेत. सुरू करू या?"

"थांबा हो जरा. एवढी वर्षं थांबलोय ना मी? पुन्हा म्हणा, लिफ्टवाले. पहिल्यापासून."

त्याने पहिल्यापासून म्हटलं. मग आणखी एकदा.

त्या दिवशी मास्तरांनी दोनच गाणी वाजवली. दुसरी ती संथ चाल होती. तिसऱ्या रांगेत कानसेन खुर्चीची कड धरून बसला होता. तुकडा आला. श्वास आला, पूर्वीपेक्षा लांब. चार सूर आले, भराभर नाही, एकेक पायरी हाताने चाचपत उतरल्यासारखे. आणि शेवटचा सूर, तिथे न अडकता, सरळ खाली येऊन टेकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कानसेनची मान नकळत नकारार्थी हलली, आणि ते मास्तरांनी पाहिलं.

नंतर पायऱ्या उतरताना मास्तरांनी त्याचा दंड धरला. दोघांचेही गुडघे सारखेच कुरकुरत होते.

"आलो ना खाली?"

"आलात."

"प्रयत्न केला होता हो. ओठ ऐकेनात. सवय लागलीय खाली यायची." एका पायरीवर ते दम खात थांबले. "तुमची सुट्टी कधी असते?"

"बुधवारी." तो बुधवार त्याने नुसतं पडून राहण्यासाठी राखून ठेवला होता.

"मग बुधवारी घरी या. एकदा ऐकून नाही बसत ते. आणि तोवर विसरू नका म्हणजे झालं."

"नाही विसरणार," तो म्हणाला, आणि मास्तरांचा हात न सोडता पुढच्या पायरीवर पाय टाकला.