हाफ तिकीट

“आलं बघा हाफ तिकीट!” शेडमधलं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

“हाफ तिकिटालाही अख्खी सीट लागते,” असं म्हणत काकांकडे चिकू निवडणारे एक जुने कामगार ढिगाजवळ आपल्या स्टुलावर बसले.

सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे महिनाभर दवाखान्यात राहून ते नुकतेच कामावर परतले होते. आधी रोज दोन तास, मग दर पंधरवड्याला एक तास वाढवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कॉलेज संपल्यावर मी डहाणूला काकांच्या वाडीत राहायला गेले होते. खोक्यांवर गावांची नावं लिहिता लिहिता मी त्यांच्याकडे बघत बसायचे. ते चिकूवरची तपकिरी पूड अंगठ्याने पुसायचे आणि साल नखाने हलकेच ओरखडायचे. आत हिरवं दिसलं की त्या फळालाच म्हणायचे, “घाई केलीस रे बाबा!” माझ्या इंग्रजी वळणाच्या मराठीला शेडमध्ये न हसणारे ते एकटेच होते. तिथला गोड, धुळकट वास मला अजून आठवतो.

ते तीन तासांपर्यंत आले, त्या शनिवारी काका म्हणाले, “सोमवारपासून पूर्ण दिवस या. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो.”

“चालेल, शेठ.”

पण त्यांची बोटं इतकी आखडली होती, की चिकू ते तळहाताने शर्टावर घासत होते.

काकांपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. मी हातातलं खोकं खाली ठेवलं.

“काका, सोमवारी ते तीनच तास येतील. उरलेले चिकू मी निवडीन.”